क्षत्रप

प्राचीन इराण व भारतातील प्रांताधिपतीचे पदनाम. शब्द दिसतो संस्कृत, पण तो आला इराणातून. प्राचीन फारसीतील त्याचे रूप ‘ख्शसपावन्’. पहिल्या भागाचा अर्थ राज्य किंवा सत्ता, दुसऱ्यात ‘पा’ म्हणजे राखणे हा धातू. राज्य राखणारा तो क्षत्रप. संस्कृतातले ‘क्षत्र’ आणि भूप, नृप, गोप यांतला ‘प’ ही याच शब्दाची भावंडे आहेत. म्हणून भारतात आल्यावर हा शब्द कुणाला परका वाटला नसावा. तो ‘क्षत्रिय’पासून झाला, ही समजूत मात्र चुकीची. दोघांचे नाते चुलत आहे, बापलेकाचे नव्हे.

इराणचा सम्राट पहिला दार्युश याच्या बेहिस्तून शिलालेखात बॅक्ट्रियाचा दादर्शी आणि अराकोशियाचा विवान यांना हे पद लावलेले आहे. प्रांताचा कर गोळा करून सम्राटाला पोचवणे हे क्षत्रपाचे मुख्य काम. ग्रीकांनी या शब्दाचे ‘सत्रापेस’ केले. त्यावरून इंग्रजीत ‘सॅट्रप’ आला.

भारतात हे पद रुजले ते शकांच्या काळात, तक्षशिला व मथुरा येथे आणि पुढे पश्चिम भारतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखांत तिथला शक शासक नहपान याचा जावई उषवदात आपल्या सासऱ्याला क्षत्रप म्हणतो. जुन्नरच्या लेखात तोच नहपान ‘महाखतप’ होतो. नाण्यांवर तर तो सरळ ‘राजा’ आहे. चाकराचे पदनाम धन्याचे कसे झाले, हे इतके स्पष्ट क्वचितच दिसते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर बसला आहे, तरी खालून कुठे नाक, कुठे ग्रीक अक्षरे डोकावतात.

पुढच्या कार्दमक घराण्यातील रुद्रदामन आपल्या जुनागढच्या लेखात महाक्षत्रप हे नाव स्वतः मिळवल्याचे अभिमानाने सांगतो. म्हणजे तोवर ते कुणी वरून बहाल करायचे पद उरले नव्हते. या घराण्यात साधारणपणे वडीलधारा महाक्षत्रप आणि त्याच्या हाताखालचा, बहुधा मुलगा, क्षत्रप असे; दोघेही आपापली नाणी पाडत. आज वर्तमानपत्रांत ‘प्रादेशिक क्षत्रप’ म्हणतात ते आपला मुलूख बांधून बसलेल्या पुढाऱ्याला. हा अर्थ दार्युशच्या अधिकाऱ्यापेक्षा नहपानाला जवळचा आहे.