गाडीच्या डब्यातील दोन घटका

मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आपली स्थानके ज्या लोहमार्गावर आहेत, तो १८६७ साली नागपुरास पोहोचला. त्याच वाटेने नागपूरच्याही पुढे, राजनांदगावास जाताना, १८९३ साली एका डब्यात जे संभाषण झाले ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

ख्रिस्ती मंडळींत बाहेरच्या माणसाशी कसे वागावे-बोलावे, हा प्रश्न फार जुना आहे. संत पौलाने कलस्सै गावच्या मंडळीस बंदिवासातून जे पत्र लिहिले, त्याच्या शेवटी तो हाच विषय काढतो. हाती असलेला वेळ दवडू नये, आणि बोलणे गोड असले तरी अळणी नसावे, असा त्याचा आशय. सांगणे सोपे, पण आपल्या मुलखात ते आचरणात यावयास वेळ लागला. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. पाद्री जॉर्ज बोवेन यांनी त्यांचे वृत्त पुस्तकरूपाने छापलेही. गर्दी खूप जमे; वादी मात्र आपापल्या जागीच राहिले.

राजनांदगावच्या गाडीत गर्दी नव्हती. नारायण वामन टिळक यांच्यासमोर एक युरोपीय गृहस्थ बसले होते. टिळक तेव्हा तिशीचे, संस्कृतात मुरलेले आणि वादास कोणासही न हटणारे. त्या गृहस्थांनी ख्रिस्ताचे नाव आधी काढले नाही. बोलणे संस्कृत काव्यावर सुरू झाले, म्हणजे समोरच्याच्या घरात शिरून सुरू झाले! धर्म मागाहून आला. उतरण्यापूर्वी त्यांनी नव्या कराराची एक प्रत हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांस ते हास्यास्पद वाटले. पण शब्द दिला म्हणून वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आम्ही ख्रिस्ती नव्हे. आमचा धंदा कामगारांत बोलण्याचा. उमेदीच्या काळात एका जिनाच्या फाटकाशी, सुटीच्या भोंग्याला, आम्ही तासभर बोलत असू. सरकीच्या धुळीने माखलेली माणसे भाकरीचे रिकामे फडके धरून उभी असत, आणि त्यांस थांबवून धरण्यात आम्हांस पुरुषार्थ वाटे. एके दिवशी एक म्हातारा हमाल म्हणाला, “भाऊ, तुमचं आयकलं आमी. आमचं कवा आयकसान?” त्या वर्षी आमची सभासदनोंदणी बुडाली. टिळकांचे चरित्र हाती आले ते पुढे बऱ्याच वर्षांनी. त्यातील त्या डब्यापाशी आम्ही फार वेळ थांबलो.

टिळक स्वतः बोलण्यात फार सांभाळून होते असे समजू नये. ते तापट व उतावळे होते, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हसतखेळत आले आहे. त्यांच्या धर्मांतराने घर मोडले. पतिपत्नी सुमारे साडेचार वर्षे दुरावली. पुन्हा एकत्र आल्यावर मात्र या उतावळ्या माणसाने धीर धरला. लक्ष्मीबाई आपले सोवळेओवळे घेऊन आल्या, ते त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. म्हणून त्यांची कीर्तने व अभंग ऐकताना वारकऱ्यासही परके वाटत नसे.

खरी कसोटी लागली ती त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, यांच्या बाबतीत. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात नाव झालेला हा पोरवयाचा मुलगा पुढे नगरास टिळकांच्या घरी राहिला. मुलगा बाटणार, अशी भीती लोकांस वाटणे साहजिकच होते. टिळकांस वेळ भरपूर होता, शब्द तर त्यांचेच होते, आणि मुलगा त्यांना बापासारखे मानी. ठोमरे हिंदूच राहिले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला, त्यातही बाप्तिस्मा न घेतलेल्यांस जागा ठेविली.

५ मे १९१८ रोजी ठोमरे आपल्याच लोहमार्गावर, भुसावळपलीकडील भादली स्थानकाजवळ, गाडीखाली सापडले. त्यानंतर अवघ्या एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईस वारले.