काडतुसातला कागद

चित्रकलेच्या तासाला मुले जो जाडसर, किंचित खरखरीत कागद वापरतात, त्याला दुकानदार 'कार्ट्रिज पेपर' म्हणतो. कार्ट्रिज म्हणजे काडतूस. चित्राच्या कागदाचा आणि बंदुकीच्या काडतुसाचा संबंध काय? वर्गात हा प्रश्न जरूर विचारा. काडतूस म्हटले की आज आपल्यासमोर पितळेची नळी येते. पण पितळी काडतुसाचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. त्याआधी दीर्घ काळ काडतूस कागदाचेच असे आणि ते वळायला जो चिवट कागद लागे, त्याचे नाव आपल्या चित्रकलेच्या वहीला चिकटले.

'काडतूस' हा शब्दही हेच सांगतो. तो पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून मराठीत आला. त्याच्या मुळाशी इटालियन 'कार्ता', म्हणजे कागद, आहे. काडतूस म्हणजे कागदाची पुडी, थेट वाण्याच्या दुकानातली! हा शब्द आपल्याकडे यावा यात नवल नाही. आजच्या पालघर जिल्ह्याचा किनारा दीर्घ काळ पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वसई १५३४ पासून त्यांच्याकडे होती. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्याच वर्षी मे महिन्यात सुरुंगांनी बुरूज फोडल्यावर वसईही शरण आली.

सुरुंग काय, तोफ काय, बंदूक काय, सगळीकडे दारू एकच. तिला आपण काळी दारू म्हणू. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे ते मिश्रण. वजनाने सुमारे ७५, १५ आणि १० असे प्रमाण. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. कोळसा व गंधक जळतात आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन सोरा पुरवतो. म्हणूनच बंदुकीच्या बंद नळीत, बाहेरची हवा नसतानाही, दारू जळू शकते. झालेला तप्त वायू पसरतो आणि गोळीला पुढे ढकलतो.

आता शिपायाची अडचण पाहा. दारू शिंगाच्या भांड्यातून नळीत ओतायची. कमी पडली तर गोळी जवळच गळून पडणार, जास्त झाली तर खांद्याला दणका बसणार, कधी नळीच फुटणार. समोरून गोळ्या येत असताना, थरथरत्या हाताने, माप कसे साधायचे? त्यात तारापूर-वसईसारखी खारी, दमट हवा. सोऱ्यात मिठासारखी अशुद्धी असली की तो ओल धरतो आणि दारू नीट पेटत नाही.

यावर उपाय म्हणजे पुडी. निवांतपणे, सावलीत बसून, एकेका बाराची दारू मापून कागदात भरायची आणि त्याच गुंडाळीत गोळीही ठेवायची. लढताना पुडीचे तोंड दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, मागोमाग कागदासकट गोळी गजाने ठासायची. मोजण्याचे काम लढाईच्या आधीच उरकले. कागदाने बंदुकीची ताकद वाढवली नाही. दर वेळी तीच ताकद मिळेल याची हमी दिली.

हे वर्गात दाखवता येईल. दारूच्या वाटेला अजिबात जायचे नाही. मीठ पुरेसे आहे. एका गटाला चिमटीने अंदाजे मीठ घेऊन दहा पुड्या बांधायला सांगा, घड्याळ लावून आणि घाई करून. दुसऱ्या गटाला सपाट केलेल्या चमच्याने, सावकाश. मग प्रयोगशाळेच्या तराजूवर प्रत्येक पुडीतले मीठ तोला. दोन्ही गटांतल्या सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या पुडीत किती फरक पडला?

पण काळ्या दारूचा एक दोष कागदाने जात नव्हता. ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्याचा थोडा धूर होतो, बाकीचा नळीत काजळीसारखा बसतो. जुन्या गुळगुळीत नळीत गोळी सैल बसे, त्यामुळे निभावून जाई. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे खाचे असतात आणि गोळी त्यांना नेमकी भिडावी लागते. चारदोन बार झाले की काजळीमुळे गोळी आत जाईना. ही काजळी मऊ राहावी म्हणून पुडीच्या गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण यांसारखा स्निग्ध पदार्थ लावू लागले. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल हिंदुस्थानात आली ती असे काडतूस घेऊन.

पुढचा इतिहास आपण शिकवतो. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या शिपायांत बोलवा झाली की, काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी आहे. ते तर दाताने तोडायचे! चरबी कोणत्या जनावराची हे पाहण्याची काळजी अधिकाऱ्यांनी घेतली नव्हती. त्यामुळे ठाम उत्तर देणे त्यांनाही जड गेले. शिपायांनी स्वतः आणलेले तूप किंवा मेण लावावे, अशी मुभा जानेवारीअखेर दिली गेली. तोवर संशय कागदावर गेला होता. बराकपूरच्या चौकशीत शिपाई म्हणाले, हा कागद चकचकीत आहे आणि जाळला की चरबीसारखा चरचरतो. कागद रासायनिक परीक्षकाकडे गेला. त्याला चरबी लावलेली नाही, असा निर्वाळा आला. तो कोणी मानला नाही. २४ एप्रिलला मेरठला ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे नाकारली. ती तर जुन्याच, सवयीच्या प्रकारची होती. १० मे रोजी उठाव झाला.

गंमत अशी की, याच दशकात रिव्हॉल्व्हरसाठी सोरा मुरवलेल्या कागदाची काडतुसे निघाली होती. ती फाडावी लागत नसत; ठिणगी कागदातून पार होई आणि कागदही दारूबरोबर जळून जाई.

१८५७ ची कारणे अनेक होती: जमिनी, संस्थाने, पगार, अपमान. काडतूस ही ठिणगी. पण शिक्षकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. शिपायांचा प्रश्न साधा होता: आम्ही तोंडात घालतो त्यात काय आहे? त्याचे खरे उत्तर वेळेवर मिळाले नाही. मग प्रयोगशाळेचा बरोबर निष्कर्षही निरुपयोगी ठरला, कारण तो सांगणाऱ्यावर विश्वास उरला नव्हता.

तारापूरच्या किल्ल्याजवळ आज अणुवीज केंद्र आहे आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथल्या शाळांतल्या कित्येक मुलांचे आईवडील या कारखान्यांत जातात. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक पदार्थांची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक ठरले. पिंपात काय आहे, ते अंगावर उडाले तर काय करायचे, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, हे मुलांना १८५७ च्या धड्याबरोबरच सांगता येईल. आणि पिंपावरची चिठ्ठी वाचून समजेल, इतके रसायनशास्त्रही त्यांना आपण शिकवायला हवे.