तिरला आणि माळव्यातील मराठी माणूस

मध्य प्रदेशातील धार शहराच्या पश्चिमेस, अमझेऱ्याच्या वाटेवर तिरला हे गाव आहे. परिसरात भिल्ल व भिलाला समाजाची मोठी वस्ती आहे. मराठ्यांच्या इतिहासात तिरल्याचे नाव येते ते दयाबहादुराच्या पाडावामुळे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधरबहादूर आणि त्याचा आप्त दयाबहादूर यांचा पराभव केला. दोघेही मारले गेले. ही लढाई अमझेऱ्याच्या नावाने ओळखली जाते. माल्कमने मात्र दयाबहादुराचा शेवट तिरल्याजवळ झाल्याचे लिहिले आहे.

या विजयानंतर दक्षिणेतील सरदार, कारकून आणि भिक्षुक माळव्यात स्थिरावले. धार आणि देवास येथे पवारांची राज्ये उभी राहिली. देवासात तर दोन भावांच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच शहरात नांदल्या. पवार स्वतःला धारच्या परमारांचे वंशज मानत. त्यामुळे जगाच्या दृष्टीने जी स्वारी होती, ती त्यांच्या लेखी पूर्वजांच्या गावी परतणे होते. परके कोण, हा प्रश्न माळव्यात असा पहिल्यापासूनच गुंतागुंतीचा आहे.

दरबारी कागद मराठीत, मोडी लिपीत लिहिले जात, तोवर भाषेला आधार होता. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली; कारभार व शिक्षण हिंदीत गेले आणि मराठी प्रामुख्याने घरात उरली. लिपी देवनागरीच असल्याने हिंदी शाळेत शिकलेल्या मुलाला मराठी अक्षरे वाचता येतात, परंतु वाचनाची सवय आपोआप लागत नाही. बोलीतही ‘येऊन राहिला’सारखी हिंदी वळणे रुजली आहेत. अशी मराठी बोलणारा विद्यार्थी पुण्यात शिकायला आला की ‘हिंदीवाला’ ठरतो. माळव्यात मात्र तोच ‘मराठा’ असतो. त्याच्या भाषेला अशुद्ध म्हणणे अन्यायाचे आहे. जवळपास तीनशे वर्षांच्या शेजाराची ती खूण आहे.

आपलेपण जन्मगावावरच ठरते असेही नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कन्नडभाषक कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या उपचारासाठी देवासला आले. त्यांच्या गुरूंपैकी अंजनीबाई मालपेकर या मूळच्या गोमंतकीय. आजारपणात कानी पडलेल्या माळवी लोकगीतांतून त्यांच्या गायकीला नवी दिशा मिळाली. प्रकृती सुधारल्यावरही त्यांनी देवास सोडले नाही. १९९२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.