पाण्याची वारी

वारकरी वाचकहो, आळंदीहून पंढरपूरला दोघे निघतात. एक आपण आणि दुसरे इंद्रायणीचे पाणी. आपल्या वाटेचे मुक्काम लहान पोरालाही पाठ असतात. पाण्याची वाट मात्र आपल्यातल्या पुष्कळांनी कधी विचारलेलीच नसते.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. देहूचा डोह आणि आळंदीचा घाट मागे टाकून ती तुळापूरला भीमेत मिसळते, आणि तिथे तिचे नाव संपते. दौंडच्या अलीकडे मुळा-मुठा येऊन मिळते, म्हणजे पुण्याच्या मुक्कामाचे पाणीही सोबतीला आले. सासवड-जेजुरीकडची कऱ्हा आधी नीरेला मिळते. याच नीरेत माऊलींच्या पादुकांना नीरा गावी आणि तुकोबांच्या पादुकांना सराटीला स्नान घालतात, आणि हीच नीरा पुढे नीरा नरसिंगपूरला भीमेत येते. पंढरीत भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. निवृत्तिनाथांची गोदावरी आणि मुक्ताईची तापी तेवढ्या या वाटेला येत नाहीत. त्यांच्या पालख्यांना सगळी वाट पायीच तोडावी लागते.

पालखी सोहळ्याचा इतिहास पाहिला, तर तोही या पाण्यासारखाच वाहिलेला दिसतो. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीला येऊन माऊलींच्या पादुका घेतल्या आणि एकाच सोहळ्यात दोघांना पंढरीस नेले. पुढे देहूकर वंशजांमध्ये हक्कांवरून वाद झाले. हे सांगताना आपण जरा कचरतो, पण झाले ते झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींचा सोहळा स्वतंत्र केला. हैबतबाबा मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीतले. त्यांनी दिंड्यांना शिस्त लावली आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले. प्रवाह दुभंगला खरा, पण आटला नाही. एक धार फलटणवरून गेली, दुसरी बारामती-इंदापूरवरून, आणि वाखरीला दोन्ही पुन्हा शेजारी येऊन उभ्या राहतात. माऊलींच्या महाद्वारात हैबतबाबांच्या पायरीपाशी आपण वाकतो, तेव्हा हा सगळा इतिहास पायाखाली असतो.

पाण्यालाही अडथळा आला. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेची वारी मध्येच थांबली. सुमारे ११७ टीएमसी पाणी मावेल एवढे ते धरण. त्यात जुनी गावे बुडाली. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात धरण फार आटले की त्याचे शिखर वर येते, मग देऊळही दिसू लागते. गावकऱ्यांनी उंचावर नवी घरे बांधली, नवे देऊळ बांधले. आज आषाढीला चंद्रभागेत पुरेसे पाणी नसले, तर उजनीतून सोडावे लागते. ज्यांच्या शेतांवर ते पाणी उभे आहे, त्यांची आठवण स्नान करताना आपल्याला किती येते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आणि २०२०. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. ३० जूनला पादुका एसटीच्या बसमधून मोजक्या वारकऱ्यांसह निघाल्या आणि १ जुलैच्या एकादशीला पंढरीत होत्या. घरोघरी कितीतरी वारकरी टाळ हातात घेऊन बसले होते आणि पाय मात्र अस्वस्थ होते. बसमधली पालखी पाहून कुणाकुणाला वाईट वाटले. मला तिथे उलट धीर आला. रस्ता बंद झाला तर दुसरा धरायचा, पण जायचेच, हे आपण नदीकाठी राहूनच शिकलो असणार. पाऊस लांबलेल्या वर्षी सराटीला नीरा कोरडी असली, तर टँकरच्या पाण्याने तुकोबांच्या पादुकांना स्नान घातले गेले आहे. नेम मोडला नाही. पण नदी असताना टँकर बोलवावा लागणे, ही काही कौतुकाची गोष्ट म्हणता येणार नाही.

मात्र पाण्याच्या या चिवटपणाचा आपण गैरफायदाही घेतला. काही वर्षांपासून आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण पाहतो. कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी तिच्यात येते, हे खरे. पण घाटावर सोडलेली पत्रावळ, प्लास्टिक, साबणाचे पाणी हे कारखान्याचे नसते, ते आपले असते. ते सगळे तुळापूरहून भीमेत, तिथून उजनीत, आणि उजनीतून सुटले की चंद्रभागेत येते. आपण आळंदीला हात धुऊन पुढे निघतो आणि तेच पाणी वाळवंटात तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो.

यंदा नीरास्नान झाले की क्षणभर काठावर थांबा. पादुकांवरून ओघळलेले ते पाणी नरसिंगपूरच्या वाटेला लागलेले असेल. वाखरीपर्यंत आपण आधी पोहोचतो की पंढरीत ते, हे वरच्या धरणांतून किती पाणी सुटले आहे त्यावर आहे.