अडीच किलोची रेघ

आमच्या भंडारा जिल्ह्यात बाळ जन्मले की पहिला प्रश्न वजनाचा. अडीच किलोच्या वर काटा गेला की घरचे निश्चिंत होतात. मधुमेहाचा इतिहास वाचू लागल्यापासून मला मात्र ही रेघ अपुरी वाटते.

हा इतिहास सुरू होतो इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरच्या वह्यांपासून. १९११ पासून तिथल्या एथेल मार्गारेट बर्नसाइड या परिचारिकेने सुईणी आणि आरोग्यसेविकांकरवी बाळांची जन्मवेळची व वर्षाची झाल्यावरची वजने लिहून घेतली. हेतू होता बालमृत्यू रोखण्याचा. ती बाळे म्हातारी झाल्यावर डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी त्यांचे रक्त तपासले. १९९१ साली निष्कर्ष आला: जन्मतः हलक्या असलेल्या पुरुषांत चौसष्टीच्या सुमारास साखर बिघडण्याचे प्रमाण अधिक. गर्भात अन्न तोकडे पडले की शरीर मेंदूला वाचवते आणि स्वादुपिंडावर, स्नायूंवर काटकसर करते, अशी त्यांची मांडणी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हाच प्रश्न आपल्या लेकरांना लावला. तिथे जन्मलेली हलकी बाळे चार वर्षांची झाली, तेव्हाच त्यांच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन दोन्ही चढे दिसले. चौसष्टीची वाट पाहावी लागली नाही! १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या पथकाने बायांची मापे गर्भधारणेच्या आधीपासून घेतली. तिथले बाळ सरासरी २.७ किलोचे, साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. पण नुसत्या काट्यावर न थांबता त्यांनी टेप आणि चिमटा लावला. पोट लहान, दंड बारीक. खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र जवळपास शाबूत. काटकुळे दिसणारे आपले बाळ चरबी राखून जन्मते. मोठेपणीही तेच. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा देहभारांक सारखाच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२.

म्हणजे वजन वाढवले की झाले? म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तसे म्हणू देत नाहीत. तिथे मधुमेह झाला तो जन्मतः आखूड पण गुबगुबीत असलेल्यांना, आणि त्यांच्या आया वजनदार होत्या. गरोदरपणात आईची साखर वाढली की बाळ असे गुबगुबीत होते. धोका रेघेच्या दोन्ही बाजूंना आहे.

भंडाऱ्यात बसून मला पुणे अभ्यासातल्या दोन गोष्टी अधिक जवळच्या वाटतात. आईने एकूण किती खाल्ले यापेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा पोटात गेले, याचा बाळाच्या आकाराशी अधिक संबंध दिसला. आणि ज्या बाया गरोदरपणी शेतात, पाण्याच्या खेपांत अधिक राबल्या, त्यांची बाळे लहान निघाली. आमच्याकडे धानाची रोवणी बायाच करतात; दिवस दिवस चिखलात वाकून, पोटुशी असली तरी. बाळाच्या वजनाशेजारी आईच्या रोवणीचे दिवस लिहायला रकाना नाही.