तिथीची पाऊणपट

आजी शाळेत कधी गेली नाही, पण पाऊणकी तिला पंधरापर्यंत तोंडपाठ होती. पुढची येत नव्हती, कारण पुढची तिला लागतच नव्हती; तिथ्या पंधराच. तिथीची पाऊणपट केली की पाणी किती वाजता भरेल ते कळतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आमच्या बंदराच्या पाण्याला हा हिशेब थोड्या मिनिटांच्या फरकाने बरोबर लागतो. शाळेत अपूर्णांक शिकवायला घेतले तेव्हा तीन चतुर्थांश म्हणजे काय हे मला वेगळं समजून घ्यावं लागलं नाही. ती आमच्या खेळाची वेळ होती.

उरणच्या मोरा कोळीवाड्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या कुठल्याही मुलामुलीला विचारा. आम्ही आता तिशीला टेकलोय. लहानपणी काय खेळायचात म्हटलं की लगोरी, विटीदांडू, गोट्या, सागरगोटे ही यादी सगळे देतात; ती महाराष्ट्रात कुठेही मिळेल. पण जरा बोलतं केलं की प्रत्येक जण चिखलावर येतो. पुनव-अवसेच्या आसपास आमच्याकडे उधाणाची भरती असते. दुपारच्या आत पाणी भरतं आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला इतकं मागे जातं, की जिथे सकाळी होड्या हलत होत्या तिथे चिखलाचं मैदान पसरतं. म्हणजे नेमकी शाळा सुटायच्या वेळेला. आठ-दहा दिवसांनी भांगाची भरती. तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि उतरतही नाही, आणि संध्याकाळी सहाला ते धक्क्याला लागलेलं असतं. मग खेळ गावात, ओट्यावर, देवळापुढे. पंधरवड्याचे काही दिवस खाडीचे आणि काही गावाचे, अशी वाटणी चंद्राने करून दिली होती.

खाडीच्या दिवसांत निवट्या पकडायच्या. निवटी चिखलावरून उड्या मारत पळते. तिच्या मागे धावलं तर ती मिळत नाही, बिळाच्या दोन तोंडांपैकी एक पायाने दाबून दुसऱ्यात हात घालावा लागतो. चिंबोऱ्या तिवरांच्या मुळांत. तिथे मोठ्या मुलांनाच परवानगी, कारण डांग्यात बोट सापडलं तर ते सोडवायला शेजारी जाणतं माणूस लागतं. मुलींना चिखलात जायला मनाई होती असं काही घरांत होतं, आमच्या घरात नव्हतं. आजोबा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची हातभर होडी कोरून द्यायचे. दुधाच्या पिशवीचं शीड लावून आम्ही ती ओहोळात सोडायचो आणि जिची आधी खाडीत पोचेल तिची जीत. पाणी परत फिरलं की बायका धक्क्यावरून हाका मारायच्या, “पानी आयला रं, घरा चला!” घड्याळ बघून कोणी कधी हाक मारली नाही. पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं की घरी, हा नियम सगळ्या पोरांना सारखा होता.

याच पाण्यावर मोठ्यांचंही वेळापत्रक चालायचं. मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच आमची पिढ्यान्पिढ्यांची वाट. पण मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ साचतो आणि उधाणाच्या ओहोटीला तिथे लाँच लागू शकत नाही, अजूनही. त्या दिवशी संध्याकाळच्या काही फेऱ्या बंद. माझे वडील मुंबईत कामाला होते. पाणी चढेपर्यंत ते पलीकडे भाऊच्या धक्क्यावर खोळंबलेले असायचे आणि अलीकडे आम्ही त्याच ओहोटीत मनसोक्त खेळत असायचो. ते दमून उशिरा यायचे, तेव्हा आम्ही पायाची वाळलेली माती खरवडत बसलेलो असायचो. एकाच पाण्याने त्यांना अडवलं होतं आणि आम्हाला मोकळं केलं होतं, हे मला नोकरी करायला लागल्यावर समजलं.

उरण मुळात बेटच. इंग्रजांच्या जुन्या कागदांत ते कारंजा बेट म्हणून येतं. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी आणि घारापुरीसोबत हे कारंजाही कंपनीकडे राहिलं. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खाड्या, खाजणं आणि मिठागरं. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरून आगरी हे नाव पडलं असं आमच्याकडे सगळेच सांगतात. आजीचं माहेर आगरी, सासर कोळी. तिच्या लग्नाची गोष्ट मोठी आहे, ती इथे नको.

तिच्या माहेरच्या मिठागराबद्दल मात्र सांगायला हवं. पाऊस संपला की वाफे उपसून त्यांचा तळ घट्ट करावा लागतो, नाहीतर मिठात माती येते. ते काम पायांनी व्हायचं. बायका-पुरुष ओळीने उभे राहायचे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे आणि एका तालात चिखल तुडवत वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. पोरं त्यांच्या मागे मागे तशीच ओळ धरून. आजी म्हणायची, आम्हाला ते काम आहे हे मोठं होईपर्यंत कळलंच नाही. गौरीच्या रात्री बायका अंगणात फेर धरतात तेव्हा मी त्यांच्या पावलांकडे बघते. टाच आधी, मग चवडा, मग जोर. हा फेर वाफ्यातून अंगणात आला की अंगणातून वाफ्यात गेला, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण ते पाय मी पाहिलेत, आणि माझ्यापुरती मला खात्री आहे.

आजीच्या लहानपणी करमणूक अशीच कामाला चिकटलेली होती. लग्नात धवलारीण धवले म्हणायला बसायची तेव्हा मुलांना तिच्यापुढून हलवत नसत, कारण कोणीतरी ते ऐकून ऐकून उचलणार होतं. नारळी पुनवेला सागराला नारळ वाहून झाला की नारळफोडी. एकाने तळहातावर नारळ धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर मारायचा; ज्याचा फुटेल तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. कवटी किती जाड आहे हे कानाशी नारळ वाजवून ओळखणारी म्हातारी माणसं बाजारात पोरांच्या मदतीला यायची. माझ्या धाकट्या काकाने एका वर्षी एकाच नारळावर सतरा फोडले. तो नारळ आम्ही खाल्ला नाही, बरेच दिवस देव्हाऱ्यापाशी ठेवला होता. शिमग्याच्या आधी पंधरा दिवस पोरांच्या लहान होळ्या रोज पेटायच्या, मोठी होळी फक्त शेवटची. पुढच्या काळात गणपतीत रात्रभरासाठी भाड्याने व्हीसीआर यायचा आणि अख्खी आळी एका खोलीत मावायची.

मग जमीन गेली. हे वाक्य आमच्याकडे इतकं सहज बोललं जातं की त्याला तारीख असते हेच विसरायला होतं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. १९७४ मध्ये समुद्रात बॉम्बे हायला तेल लागलं आणि त्यामागून उरणला तेल-वायूचा प्रकल्प आला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. जासई-दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती या लढ्यातून. वडील तेव्हा सातवीत होते. त्यांना सर्वांत जास्त आठवतं ते हे, की त्यानंतर कितीतरी दिवस कोणत्याच घरातल्या आईने मुलाला अंगणाबाहेर सोडलं नाही, आणि जानेवारी असूनही कबड्डीचा डाव मांडला गेला नाही.

२६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. शेवा बेटावरचं गाव त्याआधीच उठलं होतं; तिथली माणसं नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा इथे वसवली गेली. माझी शाळेतली सर्वांत जवळची मैत्रीण हनुमान कोळीवाड्याची. तिचा जन्म नव्या गावातला, जुना शेवा तिने पाहिलेलाच नाही. तरी तिच्या घरात कोणी वाट सांगायची झाली तर ती जुन्या गावातली सांगतात: वडाच्या अलीकडे, विहिरीच्या खालच्या अंगाला. लहानपणी आम्ही भातुकली मांडायचो तेव्हा माझं घर माझ्या घरासारखं असायचं, दार उत्तरेला, ओटा पुढे. तिचं घर तिच्या आजीच्या घरासारखं असायचं, जे तिने कधी बघितलं नव्हतं. विटेचे तुकडे लावून ती समुद्र कुठे ते आधी ठरवायची आणि मग घर.

आता भरावाबद्दल. मी मोबाईलला दोष देणाऱ्यांपैकी नाही. मुलं खेळत नाहीत, मोबाईल घेऊन बसतात, हे सगळीकडे ऐकू येतं. आमच्या इथला क्रम तरी उलटा आहे. खाजणं आणि मिठागरं आधी भरली गेली. कंटेनरची गोदामं, रस्ते, इमारती त्यावर उभ्या राहिल्या. मोबाईल त्यानंतर वीस वर्षांनी आले. जिथे मूल पळणार होतं ती जागा मुरुमाखाली गेलेली होती, म्हणून मूल घरात आलं, आणि घरात जे हाताला लागलं ते त्याने घेतलं. २७ फेब्रुवारी २०१५ ला राष्ट्रीय हरित लवादाने उरणच्या १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तिवरं तोडल्याने आणि भरावाने मासेमारी गेली, हे त्यात मान्य झालं. तो निकाल आमच्यासाठी मोठा होता. पण त्या दिवशी बातमी वाचताना मला वाटलं, जाळी, होड्या, मिळकत यांचा हिशेब मांडता येतो. पोरांची ओहोटी कोणत्या रकान्यात लिहायची?

हे म्हणताना मला हेही लपवायचं नाही, की माझ्या भावाची नोकरी बंदरातली आहे आणि माझं शिक्षण त्या पगारावर झालं. वडिलांचा खोळंबाही संपला. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी शिवडीहून चिर्ल्याकडे येणारा अटल सेतू आणि खारकोपर ते उरण रेल्वे, दोन्ही सुरू झाले. आजी त्याआधीच गेली. उरणला आगगाडी येईल हे तिने मरेपर्यंत मानलं नव्हतं.

आम्ही शाळेतले चौघे अलीकडे त्या गाडीत भेटतो, ठरवून. दोघं बेलापूरला उतरतात, एक जहाजावर असतो आणि सुट्टीत येतो. जहाजावरच्याने परवा विचारलं, “घर म्हटल्यावर तुम्हाला काय दिसतं?” एकाला आईचं माशांचं टोपलं. हनुमान कोळीवाड्याच्या मैत्रिणीने उत्तर दिलंच नाही, बाहेर बघत राहिली. गाडी तेव्हा न्हावा-शेवा स्टेशनात थांबली होती. विचारणारा स्वतः म्हणाला, की जगातल्या कुठल्याही बंदरात उतरलं की तो आधी पाण्याची रेघ बघतो, धक्क्याच्या भिंतीवर शेवाळ कुठपर्यंत आहे ते. बाकी ठिकाणी हिशेब लागत नाही. इथे पाऊणपट केली की जमतं. मला दिसली ती तिसरी पायरी.

माझी सात वर्षांची भाची द्रोणागिरी नोडमध्ये सहाव्या मजल्यावर राहते. ती इमारत जिथे आहे तिथे पूर्वी खाजण होतं. तिच्या खोलीच्या खिडकीतून पाणी दिसत नाही, क्रेनची वरची टोकं दिसतात. मागच्या महिन्यात ती मोऱ्याला आली होती. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून मी तिला त्या दिवसाची तिथी शोधायला लावली. त्रयोदशी होती. तेराची पाऊण तिला येईना, म्हणून आम्ही तेरा शेंगदाणे घेतले, प्रत्येकाचे चार भाग कल्पनेने केले आणि एकेक भाग बाजूला काढत गेलो. उत्तर आलं पावणेदहा. त्यात सहा मिळवून पावणेचार. चारला पाच मिनिटं असताना आम्ही धक्क्यावर गेलो. पाणी पार खाली गेलं होतं, लाँच दूर उभी होती. भाचीने कठड्याला धरून खाली पाहिलं आणि विचारलं, “मावशी, ते उड्या मारतंय ते काय?”

मी चपला काढल्या.