वहीला विचारलेला प्रश्न

पेढीवरचा मालक मुनिमाला विचारतो, "यंदा माल किती खपला?" प्रश्न चार शब्दांचा. परंतु वही उघडण्यापूर्वींच मुनीम मनांतल्या मनांत दुसऱ्या चार प्रश्नांचा निकाल लावून टाकतो. यंदा म्हणजे दिवाळीपासून कीं एप्रिलपासून? उधारीवर गेलेला माल खपला असें धरावयाचें काय? परत आलेला माल वजा घालावयाचा काय? दुसऱ्या दुकानची वही जमेस धरावयाची काय? ह्यांपैकीं एकाचेंही उत्तर बदललें कीं बेरीज बदलते. वही मात्र तीच राहते. म्हणजे वहीला विचारलेल्या प्रश्नाला नेहमीं दोन अंगें असतात. एक उघड प्रश्न, आणि दुसरें त्या प्रश्नाभोवतीं घातलेल्या अटी. गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत मुनिमाची जागा हळूहळू यंत्रानें घेतली. त्या काळांत प्रश्न विचारणें उत्तरोत्तर सोपें होत गेलें. अटींचें मात्र काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ अमेरिकेच्या खानेसुमारींत होतो. तेथें दर दहा वर्षांनीं शिरगणती करण्याची पद्धत आहे. सन १८८० च्या मोजणींत सुमारें पांच कोटि माणसांची नोंद झाली, आणि हातानें तक्ते करतां करतां सात-आठ वर्षें लोटलीं. पुढची मोजणी तोंडावर आली तरी मागची पुरती आटोपेना. ह्या खात्यांत कांहीं काळ काम केलेला हर्मन हॉलरिथ नांवाचा तरुण इंजिनियर ह्या अडचणीच्या मागें लागला. त्यानें दर माणशीं एक कार्ड घेतलें, आणि वय, जन्मस्थान, धंदा इत्यादि गोष्टी त्यावर ठराविक जागीं भोंकें पाडून नोंदविल्या. कार्ड यंत्रांत ठेवून दांडा दाबला म्हणजे टांचण्यांची रांग खालीं येई. जेथें भोंक असेल तेथील टांचणी आरपार जाऊन पाऱ्याच्या वाटींत बुडे, विजेचें वर्तुळ पुरें होई, आणि समोरच्या चाळीस तबकड्यांपैकीं योग्य त्या तबकडीचा कांटा एक घर पुढें सरके. सन १८८९ मध्यें हॉलरिथला ह्या युक्तीचें पेटंट मिळालें, आणि सन १८९० च्या खानेसुमारींत सहा कोटि सव्वीस लक्षांहून अधिक लोकसंख्येचे तक्ते ह्याच यंत्रांवर झाले.

ह्या यंत्राच्या दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, प्रश्नाच्या अटी तेथें डोळ्यांना दिसत. केवळ पुरुष मोजावयाचे, कीं त्याच देशांत जन्मलेले पुरुष तेवढे मोजावयाचे, हें तारांच्या जोडणीनें ठरत असे. तार कोठून कोठें गेली आहे हें पाहिलें कीं प्रश्न काय आहे तें कळे. दुसरी गोष्ट घंटेची. कार्ड नीट वाचलें गेलें म्हणजे यंत्रांतील घंटा वाजत असे. ती वाजली नाहीं तर कारकून थांबे, कार्ड बाहेर काढून पाही, आणि चूक दुरुस्त करी. न मोजलेला माणूस गुपचूप निसटून जाऊं नये, ह्याची तजवीज यंत्र घडविणारानें प्रथमपासूनच करून ठेवली होती.

पुढें सन १९०६ च्या यंत्रांत हॉलरिथनें तारा जोडण्यासाठीं वेगळा फळा बसविला, त्यामुळें एक प्रश्न मोडून दुसरा मांडणें सोपें झालें. त्याची कंपनी सन १९११ मध्यें इतर कंपन्यांत मिळाली, आणि त्या संयुक्त कंपनीनें सन १९२४ मध्यें आय. बी. एम. हें नांव घेतलें. विमा कंपन्या, आगगाड्या, कारखाने ह्या सर्वांचे हिशेब अशा फळ्यांवर चालूं लागले. फळा जोडणारा माणूस हाच नवा मुनीम होय. प्रश्न त्याच्या हातांतून जाई, आणि अटीही त्याच्याच हातांतून जात.

दुसऱ्या महायुद्धानंतर संगणक आला, आणि कार्डांच्या चळतींची जागा चुंबकीय फितींनीं व तबकड्यांनीं घेतली. माहिती अफाट सांठूं लागली. परंतु तिच्यापर्यंत पोंचण्याची वाट अवघड होती. चार्ल्स बाखमन ह्या अमेरिकन संशोधकानें एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीकडे दुवे जोडण्याची पद्धत बसविली. सन १९७३ मध्यें ट्युरिंग पारितोषिक स्वीकारतांना त्यानें संगणकाला आज्ञा देणाऱ्या माणसाला नावाड्याची उपमा दिली. उपमा यथार्थ होती. कोणत्या दुव्यावरून कोठें वळावयाचें हें ज्याला ठाऊक, त्यालाच उत्तर मिळे. साध्या कारकुनाला किंवा मालकाला त्या पाण्यांत उतरतां येत नसे.

एडगर कॉड ह्या गणितज्ञाला हें पटलें नाहीं. कॉड जन्मानें इंग्रज; महायुद्धांत तो ब्रिटिश वैमानिक होता, आणि नंतर आय. बी. एम. मध्यें नोकरीस लागला. जून १९७० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत त्यानें असें मांडलें कीं, सर्व माहिती साध्या कोष्टकांत, म्हणजे ओळी व रकाने ह्यांत ठेवावी, आणि विचारणारानें काय हवें तें सांगावें. तें कोणत्या वाटेनें आणावें ह्याची काळजी यंत्रानें वाहावी. सन १९७४ मध्यें त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्या दोघां तरुणांनीं ह्या विचाराला साध्या इंग्रजी शब्दांची भाषा दिली. तिचें नांव 'सीक्वेल'. तें नांव एका ब्रिटिश विमान-कंपनीच्या मालकीचें निघाल्यामुळें पुढें तिला 'एस्. क्यू. एल्.' म्हणूं लागले. बॉइस त्याच वर्षीं अल्पवयांत वारला. त्याची भाषा मात्र आज जगांतील बहुतेक हिशेबखान्यांत चालते. सन १९७९ मध्यें पॅट्रिशिया सेलिंजर ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं यंत्रानें सर्वांत स्वस्त वाट स्वतः कशी निवडावी ह्याची रीत प्रसिद्ध केली. नावाड्याचें काम संपलें.

लाभ मोठा झाला ह्यांत शंका नाहीं. परंतु वाट यंत्राच्या हातीं गेली तेव्हां वाटेवरच्या कित्येक अटीही नजरेआड गेल्या. एकच उदाहरण पुरे. शाखेच्या रकान्यांत कांहीं नोंदींपुढें 'पुणें', कांहींपुढें 'सातारा', आणि कांहींपुढें कांहींच लिहिलेलें नाहीं. आतां ह्या भाषेंत "पुणें नसलेल्या नोंदी द्या" असें म्हटलें तर फक्त साताऱ्याच्या नोंदी येतात. रिकाम्या रकान्याच्या येत नाहींत. जें लिहिलेलें नाहीं तें पुणें आहे कीं नाहीं हें अज्ञात, आणि अज्ञात तें वगळावयाचें, असा त्या भाषेचा नियम आहे. नियम तर्काला धरून आहे. पण तो ठाऊक नसलेल्या माणसाच्या बेरजेंतून कांहीं नोंदी नाहींशा होतात, आणि तें त्याच्या गांवींही नसतें.

ह्यापुढचें पाऊल सन १९९० मध्यें फ्रान्सांत पडलें. बर्नार लिओतो व दनी पायेल ह्यांनीं 'बिझनेस ऑब्जेक्ट्स' नांवाची कंपनी काढली. एस्. क्यू. एल्. ही भाषा साधी असली तरी दुकानदाराला ती शिकावयाला कोठून फुरसत असणार? म्हणून ह्या कंपनीच्या सॉफ्टवेअरनें कोष्टकांवर एक नवा थर चढविला. त्याला त्यांनीं 'युनिव्हर्स', म्हणजे विश्व, असें नांव दिलें. ह्या विश्वांत रकान्यांचीं गूढ नांवें जाऊन 'गिऱ्हाईक', 'विक्री', 'महिना' अशीं व्यवहारांतलीं नांवें आलीं. हवीं तीं नांवें उचलून एका चौकटींत ठेवावीं, कीं यंत्रानें स्वतः प्रश्न रचावा आणि उत्तराचा तक्ता समोर मांडावा. मालक व वही ह्यांच्यामध्यें आतां कोणी उरलें नाहीं. ही कंपनी पुढें सन २००८ मध्यें जर्मनींतील 'सॅप' ह्या कंपनीच्या पोटांत गेली. पण तिची रीत टिकली, आणि इतरांनींही तिचें अनुकरण केलें.

मुनीम गेला, तरी त्यानें मनांत सोडविलेले प्रश्न कोणी तरी सोडवावयाला हवेतच. ते आतां प्रश्नाच्या मांडणीच्या एका लहानशा पानावर येऊन बसले. ह्या पानाला सेटिंग म्हणतात. त्यांतील तीन कलमें विशेष महत्त्वाचीं आहेत.

पहिलें कलम मर्यादेचें. एखाद्या नवशिक्यानें दहा वर्षांची सगळी विक्री एकदम मागितली तर यंत्र त्यांतच गुंतून पडेल, आणि इतरांचीं कामें अडतील. म्हणून जास्तींत जास्त किती ओळी आणाव्या व किती वेळ खर्चावा हें येथें ठरवितात. विश्व रचणारा एक मर्यादा घालतो, प्रश्न मांडणारा आपली वेगळी घालूं शकतो, आणि दोहोंपैकीं जी लहान ती चालते. मर्यादा वीस हजार ओळींची, आणि नोंदी पंचवीस हजार; तर वीस हजारांवर काम थांबतें. कोष्टकांतील ओळींना मुळांत स्वतःचा असा क्रम नसतो, त्यामुळें वगळलेल्या पांच हजार कोणत्या, हेंही आधीं सांगतां येत नाहीं. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, असें आपल्याकडे म्हणतात. येथें प्रकार उलटा असतो. आडांत पाणी भरपूर आहे, दोर तेवढा आंखूड बांधलेला असतो.

दुसरें कलम दुबार ओळींचें. एकाच दिवशीं दोन गिऱ्हाइकांनीं तीनशें रुपयांची एकेक छत्री नेली. प्रश्नांत गिऱ्हाइकाचें नांव मागितलें नसेल तर ह्या दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसतात. दुबार ओळी गाळाव्या अशी आज्ञा असली, तर दोन छत्र्यांची एक होते, आणि गल्ल्यांतील सहाशें रुपये कागदावर तीनशें होतात.

तिसरें कलम कोष्टकें जोडण्याचें, आणि तें सर्वांत फसवें. एक हजार रुपयांची एक मागणी आली, आणि तिचा माल दोन खेपांनीं धाडला. मागणीचें कोष्टक खेपांच्या कोष्टकाला जोडलें म्हणजे तीच मागणी दोन ओळींत दिसूं लागते, आणि बेरीज दोन हजार येते. ह्यावर उपाय असा कीं, मागणीची बेरीज एका प्रश्नानें आणि खेपांची दुसऱ्या प्रश्नानें काढावी, व मग दोन्ही उत्तरें शेजारीं मांडावीं. सॉफ्टवेअरांत तशी सोय आहे. परंतु ती सुरू ठेवणें हें विश्व रचणाराचें काम. त्यानें तें केलें नाहीं तर सांगाव्याचा माल एकपट आणि कागदावरचा दुप्पट, असा संसार चालूं लागतो.

ह्यांतील पहिल्या कलमापुरती मूळ कारागिरांनीं घंटा ठेवलेली आहे. मर्यादेमुळें उत्तर तोडलें गेलें तर पडद्याच्या एका कोपऱ्यांत, उत्तर अपुरें आहे, अशी सूचना उमटते. पण तोच तक्ता छापून किंवा दुसऱ्या फाइलींत उतरवून वरिष्ठांच्या मेजावर गेला कीं ती सूचना मागें राहते. बाकीच्या दोन कलमांना तर घंटाच नाहीं.

घंटा वाजली नाहीं तर काय होतें, ह्याचा एक दाखला अगदीं अलीकडच्या काळांतला आहे. तो प्रश्न विचारणाऱ्या सॉफ्टवेअरचा नव्हे, साध्या तक्त्याच्या फाइलीचा आहे. परंतु मर्यादेचा स्वभाव तोच. सन २०२० मध्यें कोविडची सांथ भरांत असतां इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यांत प्रयोगशाळांकडून आलेले निकाल एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलींत उतरविले जात होते. त्या जुन्या फाइलींत ६५,५३६ ओळी मावतात, अधिक नाहीं. निकाल वाढले, फाइल भरली, आणि पुढच्या ओळी बाहेर राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर ह्या आठ दिवसांत १५,८४१ रोगी रोजच्या आंकड्यांत आलेच नाहींत. त्या माणसांना त्यांचे स्वतःचे निकाल कळले होते. परंतु त्यांच्या सहवासांत आलेल्यांचा शोध घेणाऱ्यांपर्यंत त्यांचीं नांवें वेळेवर पोंचलीं नाहींत. सांथींत एकेक दिवस मोलाचा असतो. ज्यांना घरांत थांबा म्हणून सांगावयाचें होतें, अशीं किती तरी माणसें त्या दिवसांत बाजारांत, कामावर व आप्तेष्टांच्या घरीं वावरत राहिलीं. कोणीं खोटा आंकडा लिहिला नव्हता. मोजलेली प्रत्येक ओळ खरी होती. फक्त मोजणी कोठें थांबली हें कोणाला दिसलें नाहीं.

हॉलरिथच्या कारकुनाला एका कार्डाची घंटा चुकली तरी कळत असे. १३० वर्षांनंतर पंधरा हजार माणसें निसटलीं तरी आठवडाभर कळलें नाहीं. ह्यावरून जुनीं यंत्रें चांगलीं आणि नवीं वाईट असा निवाडा करणें योग्य होणार नाहीं. जुन्या यंत्रांना हें काम झेपलेंही नसतें. कॉडनें सामान्य माणसाला प्रश्न विचारण्याचा हक्क मिळवून दिला, आणि तो मोलाचा आहे. परंतु हक्क आला तशी त्याबरोबरची जबाबदारीही मुनिमाकडून निघून विचारणाराकडे आली.

जुना मुनीम उत्तर देतांना नुसता आंकडा सांगत नसे. "उधारी धरून, परत आलेला माल वजा जातां, दोन्ही दुकानें मिळून" असें म्हणून मग तो आंकडा उच्चारी. त्या तीन शब्दसमूहांत आजचें सेटिंगचें सगळें पान येऊन जातें. प्रत्येक अहवालाच्या पायथ्याशीं किती ओळींची मर्यादा होती, दुबार ओळी ठेवल्या कीं गाळल्या, आणि कोणतीं कोष्टकें कशीं जोडलीं, हें दोन ओळींत लिहिण्याची चाल ज्या कचेरींत असेल, तेथें तो मुनीम अजून नोकरीवर आहे असें समजावें.